तबकडीवरील गाणे आणि आजचा श्रोता

जुने गाणे आजच्या विद्यार्थ्याला जितके सुलभ झाले आहे तितके ते यापूर्वीच्या कोणत्याही पिढीला नव्हते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एखाद्या खाँसाहेबांनी लोखंडी कर्ण्यात तोंड घालून गायिलेली चीज आज मोबाइलवर बोट टेकविताच ऐकू येते. पूर्वी अशी तबकडी ऐकावयाची तर ती ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे जावे लागे, त्याच्या लहरीप्रमाणे बसावे लागे आणि पिन बोथट झाली म्हणजे गाणे तेवढ्यावरच सोडून उठावे लागे. आता यांपैकी कोणताही अडसर उरलेला नाही. असे असूनही, ज्या शिक्षकांनी आपल्या वर्गात अशी एखादी जुनी ध्वनिमुद्रिका प्रथमच ऐकविली असेल त्यांचा अनुभव बहुधा सारखाच असतो. मुले सभ्यपणे ऐकतात आणि मग विचारतात की, ही खरखर कसली? आवाज इतका बारीक, नाकातून आल्यासारखा का वाटतो? आणि गाणे रंगात येते न येते तोच ते संपले कसे?

या प्रश्नांना वडीलधाऱ्या मंडळींकडून जे उत्तर मिळते ते आम्हांला कधीच समाधानकारक वाटलेले नाही. ‘जुने ते सोने’ एवढे म्हणून मान डोलाविली की प्रश्न मिटतो, पण विद्यार्थीही मिटतो. त्याच्या मनात एक तर अशी समजूत होते की आपल्याला कान नाही, किंवा अशी की मोठ्या माणसांना केवळ आठवणींचे कौतुक आहे. आमच्या मते मुलांच्या या तिन्ही तक्रारी म्हणजे अचूक निरीक्षणे आहेत. त्यांनी जे ऐकले ते खरेच तसे आहे. ते तसे का आहे हे सांगितले असता तीच मुले दुसऱ्या खेपेस निराळे काही ऐकू लागतात. हे सांगण्याचे काम संगीतशिक्षकाचेच आहे असेही नाही. जो इतिहास शिकवितो, जो मराठी शिकवितो, त्यालाही ते करता येण्यासारखे आहे.

प्रथम त्या बारीक आवाजाची गोष्ट पाहू. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिलेखक फ्रेड गैसबर्ग 1902 साली कलकत्त्यास आला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने गौहरजान यांचा आवाज तबकडीवर उतरविला. त्या काळी मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. गाणारा एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी बसे, त्याच्या आवाजाने कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पातळ पडदा थरथरे आणि त्या पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या थाळीवर रेघ ओढीत जाई. आवाजाच्या अंगच्या बळावाचून दुसरे बळ नव्हते. त्यामुळे हळुवार स्वर लावला तर थाळीवर काहीच उमटत नसे, आणि एकदम जोराचा स्वर लागला तर सुई उडण्याची भीती. गायकाला हलता येत नसे, मान वळविता येत नसे, हात पुढे करून समेवर येण्याची सवय असेल तर तीही आवरावी लागे. मैफलीत समोर बसलेल्यांच्या ‘वाहवा’वर ज्याचे गाणे फुलते त्याला एका खोलीत, एका परक्या माणसाच्या खुणेबरहुकूम, एका भोकात गावयाचे होते. कित्येक उस्तादांनी या यंत्राकडे बराच काळ संशयाने पाहिले यात नवल नाही.

हा कर्णा सर्व स्वर सारखे टिपीत नसे. सेकंदाला सुमारे 200 पासून 2500 पर्यंत कंपने होतात एवढाच पट्टा त्याला नीट पकडता येई. म्हणजे डग्ग्याचा घुमारा गेला, तंबोऱ्याचा खर्ज गेला आणि जवारीतून जी वरची वलये उठतात तीही गेली. उरला तो मधला भाग. मानवी आवाजालाही खालचा भरदारपणा आणि वरची झळाळी असते. ती दोन्ही कापली गेली म्हणजे जे शिल्लक राहते ते बारीक, किंचित नाकातले असे लागणारच. मुलांना जो ऐकू येतो तो गायकाच्या आवाजाचा मधला काप आहे. भाषेच्या शिक्षकाने याच ठिकाणी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘स’ आणि ‘श’ यांचा सीत्कार फार वरच्या कंपनांत असतो. तो या तबकड्यांवर जवळजवळ उमटतच नाही. चीजेचे शब्द कळत नाहीत अशी जी तक्रार होते तिचा पुष्कळसा दोष कर्ण्याकडे जातो. काहीसा गवयाकडेही जातो, कारण शब्द चिरडून गाण्याची खोड त्या पिढीतही होतीच.

1925 नंतर विजेच्या साह्याने ध्वनिलेखन करण्याची रीत जगात रूढ झाली आणि पुढल्या काही वर्षांत ती आपल्याकडेही आली. मायक्रोफोन आला आणि कुजबुजीएवढा स्वरही तबकडीवर उतरू लागला. हा फरक ऐकावयाचा असेल तर अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. 1905 च्या सुमारास त्यांनी कर्ण्यापुढे गायिलेल्या तबकड्या उपलब्ध आहेत, आणि 1934 ते 1936 या काळात, म्हणजे मृत्यूच्या अगदी थोडी वर्षे आधी, मायक्रोफोनपुढे गायिलेल्याही आहेत. माणूस एकच आहे. मधल्या तीस वर्षांत त्याची गायकी पालटली हेही खरे. पण पहिल्या तबकड्यांतील ताठर, चढा स्वर आणि दुसऱ्यांतील तो रेशमी, तंबोऱ्यात विरघळून जाणारा स्वर यांतील अंतरापैकी किती अंतर गायकाचे आणि किती यंत्राचे, हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. त्याचे नेमके उत्तर मिळत नाही. परंतु प्रश्न विचारला म्हणजे मुले दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ऐकावयास शिकतात.

खरखरीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तबकडी लाखेची असे. लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून ती दाबून काढीत. ही भुकटी पोलादी पिनेला झिजविण्यासाठीच घातलेली असे, म्हणजे पिनेचे टोक खोबणीच्या मापाचे होऊन बसे. त्या घासण्याचा आवाज गाण्याबरोबर येणारच. लाख मात्र आपल्याच देशातील, छोटा नागपूरच्या जंगलांतील, हे सांगितले म्हणजे मुलांना गंमत वाटते. आरंभीच्या काळात मेणाच्या मूळ थाळ्या जर्मनीत हॅनोव्हरला जात, तेथे तबकड्या निघत आणि बोटीने परत येत. तिकडल्या कारागिरांना नाव कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी गायक स्वतःच आपले नाव सांगे. गौहरजान यांचे इंग्रजीतले ‘माय नेम इज गौहरजान’ हे त्यामुळेच प्रसिद्ध झाले आहे. 1908 मध्ये कलकत्त्यास कारखाना निघाला आणि पुढे ही प्रथा हळूहळू मागे पडली.

आता तिसऱ्या तक्रारीकडे, म्हणजे गाणे लगेच संपते या तक्रारीकडे वळू. आमच्या मते सर्वांत अधिक गैरसमज येथे झालेले आहेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत, बारा इंचीवर चार-साडेचार. ज्या गायकीत एकच राग तासभर मांडण्याची सवय, तिला तीन मिनिटांच्या डबीत बसविणे म्हणजे काय याचा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. आज ज्या अतिविलंबित लयीत एकतालातील ख्याल गायिला जातो तीत एका मात्रेला चार सेकंद धरले तर बारा मात्रांचे एक आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचे होते. तीन मिनिटांत चार आवर्तनेही पुरी होत नाहीत. अस्ताई म्हटली की तबकडी संपली! म्हणून गवयांनी तोड काढली. विलंबित बहुधा सोडून दिले, किंवा नावापुरते ठेवले. मध्य लयीतील चीज घेतली. आलापीसाठी स्वतंत्र वेळ न देता रागाचे रूप दोन-तीन वाक्यांतच उभे केले. अंतरा लवकर घेतला आणि शेवटी निवडक तानांची एक लड सोडून दिली.

हे सारे ध्यानात आले म्हणजे अशी तबकडी एका निराळ्याच कसोटीने ऐकावी लागते. मोठ्या ख्यालाचा तुटलेला तुकडा म्हणून ती ऐकली तर ती अपुरीच वाटेल. परंतु चाळीस वर्षे ज्याने एखादा राग गायिला, त्याला ‘यातले तीनच मिनिटांपुरते ठेव’ असे सांगितल्यावर त्याने काय ठेवले, हे ऐकण्यासारखे असते. कोणता स्वर त्याने आधी दाखविला? कोणती संगती दोनदा घेतली? तान कोणत्या जागेवरून उचलली? मुक्त मैफलीत गवई चुकतमाकत, शोधीत, वाट काढीत जातो. तबकडीवर त्याला शोधावयास वेळ नाही, त्याला सापडलेलेच द्यावे लागते. या दृष्टीने नारायणराव व्यास किंवा द. वि. पलुसकर यांच्या तबकड्या विद्यार्थ्याला फार उपयोगी पडतात. ग्वाल्हेर परंपरेतील चीजेची बांधणी, तिची चौकट, त्यांत इतकी स्वच्छ दिसते की शिकणाऱ्याने ती लिहून घ्यावी. तिच्यावर ‘पाठ्यपुस्तकी’ असा शेरा मारणारे रसिक आम्हांला ठाऊक आहेत. पण ज्याला राग प्रथमच भेटत आहे त्याने पाठ्यपुस्तकाला नाक मुरडू नये.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. तबकड्या ऐकून पुष्कळजण असा निष्कर्ष काढतात की जुने गवई जलद गात असत. दुसरे कोणी याच्या उलट टोकाला जाऊन म्हणतात की ही केवळ तबकडीची घाई होय, मैफलीत ते आजच्यासारखेच संथ गात. दोन्ही विधाने अर्धवट आहेत. ज्याला आज आपण अतिविलंबित म्हणतो ती लय मुख्यतः विसाव्या शतकात पुढे आली. किराण्याचे अब्दुल वहीद खाँ आणि इंदूरचे अमीर खाँ यांचा तिच्या प्रसारात मोठा वाटा आहे. ग्वाल्हेरचा जुना विलंबित ख्याल तितका संथ नव्हता. कृष्णराव शंकर पंडित 1989 पर्यंत हयात होते आणि त्यांचे लांब गायन ध्वनिफितींवर राहिले आहे. तेथे तीन मिनिटांचे बंधन नाही, तरीही लय आजच्या मानाने चालती आहे. तबकडीने काय लादले आणि परंपरेतच काय होते, हे ठरवावयाचे तर असा दुसरा पुरावा शेजारी ठेवावा लागतो.

तबकडी फसविते ती आणखी एका ठिकाणी, आणि हे फसविणे मोबाइलवर गाणे चढविणारेही सहसा दुरुस्त करीत नाहीत. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे ही गती पुढे प्रमाण ठरली. आरंभीच्या काळात थाळी कधी बहात्तर, कधी चौऱ्याहत्तर, कधी ऐंशी फेऱ्यांनी फिरे. समजा, चौऱ्याहत्तर फेऱ्यांनी भरलेली तबकडी आपण अठ्ठ्याहत्तरांनी वाजविली, तर तीन मिनिटांचे गाणे नऊ सेकंद आधी संपेल आणि स्वर जवळजवळ एका पट्टीने वर चढेल. गवई पांढरी एकमध्ये गात असेल तर तो आपल्याला काळी एकमध्ये गाताना ऐकू येईल. आवाज अधिक पातळ लागेल, तान अधिक वेगवान वाटेल आणि आपण तिच्या तयारीचे कौतुक करीत बसू. पेटीची साथ असेल तर एक परीक्षा करता येते. पेटी लावलेल्या स्वरांची असते. ध्वनिमुद्रिकेतील षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध कोठेतरी पडत असेल तर गतीविषयी शंका घ्यावयास जागा आहे. जुन्या पेट्या सगळ्या एकाच मापाच्या नव्हत्या, तेव्हा ही परीक्षा निर्णायक नव्हे, परंतु विद्यार्थ्याला कान टवकारावयास लावण्यापुरती पुरेशी आहे.

आतापर्यंत जे तबकडीवर आहे त्याविषयी झाले. जे नाही त्याविषयीही सांगावयास हवे, नाहीतर ज्यांचा आवाज मागे राहिला तेवढेच मोठे गवई होऊन गेले अशी समजूत होईल. ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकून ती गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, बडोदे संस्थानातील कठोर गावी जन्मलेले भास्करबुवा बखले, कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ, या तिघांचाही आवाज आज आपल्याला ऐकावयास मिळत नाही. भास्करबुवा 1922 साली वारले, अल्लादिया खाँ 1946 पर्यंत होते. म्हणजे यंत्राची सोय दोघांच्याही काळात होती. मराठी प्रदेशाच्या गाण्याचे तीन आधारस्तंभ, आणि तिन्ही मुके! त्यांच्यापर्यंत पोहोचावयाचे तर शिष्यांवाटे जावे लागते. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर या अल्लादिया खाँच्या शिष्या. त्यांची भैरवी 1977 मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवरून अंतराळात गेली. शिष्येचा आवाज सूर्यमालेबाहेर पोहोचला आणि गुरूचा कोल्हापुरातही ऐकावयास मिळत नाही. भास्करबुवांचा माग तर आणखी आडवाटेने काढावा लागतो. 1916 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकातील पदांना चाली त्यांनी दिल्या आणि ती पदे बालगंधर्वांच्या तबकड्यांत राहिली आहेत. ख्यालाचा शोध घेणाऱ्याने नाट्यपदांकडे हलके म्हणून पाठ फिरविली तर बखलेबुवांकडे जाणारी वाट तो स्वतःच्या हाताने बंद करतो.

नाट्यपदांचा विषय निघालाच आहे तर मराठीच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट नमूद करून ठेवू. त्या तबकड्या म्हणजे मराठी उच्चारांचेही दप्तर आहे. रंगभूमीवर ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन्ही प्रकार कसे उच्चारीत, अनुस्वार कोठे नाकात आणि कोठे ओठांवर येई, ओळीच्या शेवटचा अकार किती लांबवीत, हे तेथे कानाने ऐकता येते. ‘स’, ‘श’ ऐकू येत नाहीत हे वर सांगितलेच आहे. तेवढे सोडून उरलेली मराठी तेथे जिवंत आहे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आमच्या मुलांना, ज्यांच्या कानांवर दिवसभर कन्नड, हिंदी, गुजराती अथवा तेलुगू पडते, या दप्तराचा उपयोग व्हावा असे आम्हांला फार वाटते.

तबकडी ऐकून पुढे काय होते, याची दोन उदाहरणे या प्रदेशातच आहेत. दोन्ही सुपरिचित असली तरी त्यांचा अर्थ नीट घेतला जात नाही. गदगचा एक मुलगा अब्दुल करीम खाँ यांची तबकडी ऐकून वेडावला आणि 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. तो ग्वाल्हेरला गेला, पुढे जालंदरपर्यंत भटकला आणि अखेर घरापासून हाकेच्या अंतरावर कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकू लागला. ज्या आवाजाने त्याला घर सोडावयास लावले त्याच आवाजाचा शिष्य त्याला गुरू म्हणून लाभला. हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. दुसरा मुलगा बेळगावजवळच्या सुळेभावीचा, 1924 चा जन्म. बड्या बड्या गवयांच्या तबकड्या तो लहानपणी हुबेहूब गाऊन दाखवी आणि लोक थक्क होत. पुढे मुंबईस बा. र. देवधर यांच्याकडे तो वर्षानुवर्षे शिकला, आजारपणाने 1948 मध्ये इंदूरजवळ देवासला आला आणि तेथे माळव्याची लोकगीते ऐकता ऐकता त्याने जे गाणे घडविले ते कोणाच्याही तबकडीसारखे नव्हते. ते कुमार गंधर्व.

या गोष्टी चमत्कार म्हणून सांगितल्या जातात. आम्हांला त्यांत चमत्कारापेक्षा तबकडीची मर्यादा अधिक दिसते. एकाने तबकडी ऐकली आणि तिच्यात जे नाही ते शोधावयास तो निघाला. दुसऱ्याला तबकडी पूर्ण साधली, आणि तरीही त्याला आरंभापासून शिकावे लागले. तबकडी उत्कंठा लावू शकते, नमुना देऊ शकते. स्वर कसा लावावा, श्वास कोठे घ्यावा, राग कसा वाढवावा हे तिला सांगता येत नाही. आजचा सामान्य श्रोता गुरूच्या शोधात घर सोडणार नाही, आणि त्याने सोडावे असेही आमचे म्हणणे नाही. पण त्याची उत्कंठा पुढच्या पायरीपर्यंत नेणारे कोणीतरी लागते. मोबाइल ते करीत नाही. एक चीज संपली की तो दुसरी वाजवू लागतो, आणि ती बहुधा निराळ्याच कोणाची असते.

वर्गात आरंभ कोठून करावा असे कोणी विचारले तर आम्ही एक जोडी सुचवू. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ यांना सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांनी आश्रय दिला होता. आयुष्याच्या अखेरीस, 1920 च्या सुमारास, त्यांच्या काही तबकड्या निघाल्या आणि 1922 मध्ये ते कुरुंदवाडास वारले. त्यांत भैरवीतील ‘जमुना के तीर’ ही ठुमरी आहे. हीच ठुमरी अब्दुल करीम खाँ यांनी पुढे मायक्रोफोनपुढे गायिली. रहिमत खाँ यांच्या गाण्याचा त्यांच्यावर परिणाम झाला होता, असे जाणकार मानतात. प्रथम अब्दुल करीम खाँ ऐकवावे, कारण तो आवाज कानाला सहज जवळ येतो. मग रहिमत खाँ ऐकवावे. पहिल्या ऐकण्यात मुलांना केवळ एक वृद्ध, दूरचा आवाज ऐकू येईल. त्यांना मग कर्ण्याची हकीकत सांगावी आणि पुन्हा ऐकवावे. तिसऱ्या वेळी विचारावे की पहिल्या गायकाने दुसऱ्यापासून काय उचलले आणि काय टाकले. काही मुलांना दुसराच गायक अधिक आवडतो असा अनुभव आहे, आणि त्यांच्याशी वाद घालू नये.

आणखी एक ध्यानात आणून द्यावे. आपण ज्याला जुने म्हणतो ते गाणाऱ्याच्या काळी नवे, कित्येकदा आक्षेपार्ह होते. अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबारी जात, कर्नाटक पद्धतीच्या सरगमेचा त्यांच्या गायकीवर ठसा होता, त्यागराजांची कृती त्यांनी तबकडीवर गायिली, ‘मानापमाना’तील पदही गायिले. सांगलीच्या कृ. ब. देवल यांच्या श्रुतिसंशोधनात त्यांनी आपला गळा प्रयोगासाठी दिला. अशा माणसाला ‘प्राचीन परंपरेचे प्रतीक’ म्हणून भिंतीवर टांगून ठेवणे हे त्याच्यावर अन्याय करणे होय.

शेवटी वाचकांना एक विनंती. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद आणि गोवा येथील जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवर अद्याप तबकड्या आहेत. घर मोडताना त्या भंगारवाल्याकडे जातात. गाणे इतरत्र ऐकावयास मिळते मग तबकडीचे काय, असे विचारणारे भेटतात. मोबाइलवर चढविलेल्या गाण्याबरोबर पुष्कळदा चुकीचे नाव असते, साल नसते, राग ऐकीव असतो. खरी ओळख तबकडीच्या मधल्या कागदावर आणि त्या कागदाभोवती लाखेत कोरलेल्या बारीक क्रमांकात असते. त्या क्रमांकावरून ध्वनिलेखनाचा काळ बसविता येतो. मुंबईत 1990 मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने हे काम चिकाटीने केले आहे. तबकडी द्यावयाचीच असेल तर निदान देण्यापूर्वी कंपनीचे नाव, कागदावरील मजकूर जसाच्या तसा आणि कोरलेला क्रमांक, दोन्ही बाजूंचा, वहीत उतरवून घ्यावा. ठेवावयाची असेल तर ती उभी ठेवावी. आडव्या रचल्या तर खालच्या तडकतात आणि उन्हाने वाकतात. धूळ मऊ कोरड्या फडक्याने खोबणीच्या दिशेने पुसावी. फारच मळली असेल तर साध्या पाण्याचा हात फिरवून लगेच कोरडी करावी आणि मधला कागद भिजू देऊ नये. स्पिरिट मात्र कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते.